काजू युनिटसाठी कर्ज: आधी बियांचा पैसा, मग मशीनचा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बेळगाव जिल्ह्यात (कर्नाटक) जांबोटीजवळच्या गावात तुम्ही आणि तुमच्या जाऊबाई मिळून काजू फोडायचं लहान युनिट घालणार आहात. खर्चाचा अंदाज 6 लाख. बँकेत गेलात तर साहेबांनी 'तारण काय देणार?' म्हणून परत पाठवलं. चंदगडच्या मामेभावाला महाराष्ट्राच्या योजनेतून कर्ज मिळालं, मग आपल्याला का नाही, असं तुम्हाला वाटतंय. आणि गावातल्या एकाने 'फाईल मी करून देतो, मंजूर झाल्यावर दहा टक्के द्या' असं सांगितलंय.

मी खानापूर तालुक्यातच 14 वर्षं काजू फोडतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

दहा टक्केवाल्याला आजच नाही म्हणून सांगा. 6 लाखांवर 60 हजार होतात आणि तेवढ्यात तुमची कटिंग मशीनं येतील. तो जे करणार ते सगळं तुम्हाला फुकट करून मिळतं, कुठे ते पुढे सांगतो.

मामेभावाचं म्हणाल तर त्याला मिळालेली महाराष्ट्राची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांना, महाराष्ट्रातल्या युनिटसाठी आहे. आपल्याकडचे काही जण सासरचा नाहीतर मामाचा पत्ता लावून अर्ज करतात. पुढे जागेची पाहणी होते, तेव्हा शेड जांबोटीत आणि कागद चंदगडचा, असं उघडं पडतं. त्या वाटेला जाऊ नका. आपण मराठी बोलतो, नातीगोती पलीकडे आहेत, हे खरं. पण आधार, रेशन कार्ड, शेताचा उतारा सगळं कर्नाटकाचं आहे, तेव्हा दार इथलंच ठोठवायचं. इथे दारं कमी नाहीत.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या 6 लाखांच्या अंदाजात मला मोठी चूक दिसते. तुम्ही लिहिलंय, कुकर, कटिंग मशीन, ड्रायर वगैरे साडेतीन लाख, शेडची डागडुजी आणि हेस्कॉमचं विजेचं कनेक्शन एक लाख, बाकी 'इतर'. त्या 'इतर'मध्ये दीड लाख उरतात, आणि आपल्या धंद्याचा जीव त्या दीड लाखात आहे. हिशोब करून बघा. बी 130 रुपये किलो धरली तर दीड लाखात साडेअकराशे किलो येते. दिवसाला 40 किलो फोडलं तर 29 दिवसांत संपते. काजूची बी मिळते मार्च ते मे. जून उजाडायच्या आत तुमची मशीनं रिकामी, बायका घरी, आणि बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने. दिवसाला 40 किलो, महिन्याला 25 दिवस, असं दहा महिने युनिट चालवायचं तर 10 हजार किलो बी लागते, म्हणजे 13 लाख, तेही दहा-बारा आठवड्यांत हातात हवेत. काजूची लहान युनिटं मशीनअभावी बंद पडत नाहीत, बी नसल्यामुळे पडतात.

माझं पहिल्या वर्षी तेच झालं. कर्जाचा पैसा सगळा मशीनला घातला. बियांसाठी एका सोसायटीकडे अर्ज केला होता, तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात मंजूर झाला. तोवर वळवाचे दोन पाऊस झालेले. उशिरा मिळाली ती भिजकी बी. वाळवायला ऊन नाही, तशीच पोत्यात भरली. ऑगस्टमध्ये फोडायला घेतली तर गर काळपट, डागी. पांढरा गर म्हणून विकायचा तो तुकड्याच्या भावात गेला. त्या वर्षीचे हप्ते मी बायकोच्या पाटल्या ठेवून भरले. म्हणून तुम्हाला एवढं कळकळीने सांगतोय.

बी घेताना मूठभर हातात घेऊन हलवा. वाळलेली बी आतून खुळखुळते. ओली मुकी राहते. प्रत्येक पोत्यातून चार-पाच बिया कटरने कापून आत बघा, मगच पैसे मोजा. घरी आणून पुन्हा दोन-तीन दिवस उन्हात घाला. शंभर किलो बीतून साधारण 25 किलो गर निघतो, तो आकडा या दोन कामांवर हलतो. कर्ज कोणाकडूनही घ्या, फिटतं ते या गरातून.

तर पैसा दोन ठिकाणांहून उभा करायचा: मशीनचा वेगळा, बियांचा वेगळा.

मशीनसाठी तुमच्या दृष्टीने पहिली योजना पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. अर्ज ऑनलाइन आहे, पण आधी बेळगावात उद्यमबागला जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन या. खेड्यातल्या युनिटला, त्यात महिलेला, 35 टक्के अनुदान आहे आणि स्वतःचे फक्त 5 टक्के घालायचे. 6 लाखांच्या प्रकल्पाला तुमचे 30 हजार, बँकेचे 5 लाख 70 हजार, आणि अनुदान 2 लाख 10 हजार. हे अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षं तुमच्या नावाने बँकेत ठेव म्हणून राहतं, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि युनिट नीट चालू असेल तर तीन वर्षांनी कर्जात वळतं होतं. 'अनुदान आलं की बी घेऊ' असा बेत कृपा करून आखू नका. याच योजनेत खेळतं भांडवल प्रकल्पखर्चात धरता येतं, हे पुष्कळ जणांना माहीत नसतं. म्हणून 6 लाखांचा नाही, बियांसकट प्रकल्प मांडा. 10 लाखांच्या वर गेलात तर आठवी पासचा दाखला लागेल, तुमच्याकडे आहेच.

दुसरी वाट पीएमएफएमई, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची. केंद्राचं अनुदान 35 टक्के, त्यात कर्नाटक सरकारने भर घालून ते 50 टक्क्यांवर, 15 लाखांच्या मर्यादेत नेलं. या योजनेत 'एक जिल्हा, एक उत्पादन' म्हणून बेळगावसाठी गूळ ठरलेला आहे, पण काजूवाल्यांनी तेवढ्यावरून मागे फिरू नये, इतर अन्नपदार्थांनाही अर्ज करता येतो. इथे अनुदान मशिनरीला, बियांना नाही. या योजनेत जिल्ह्यासाठी सरकारने नेमलेली माणसं असतात, ती प्रकल्प अहवाल बनवण्यापासून बँकेपर्यंत बरोबर येतात. त्यांना मोबदला सरकार देतं, तुम्ही एक पैसाही द्यायचा नाही. दहा टक्केवाल्याचं काम फुकट होतं म्हटलं ते हेच. दोन्ही योजनांत एकदम हात घालू नका. दुसरीकडे सरकारी अनुदान घेतलं असेल तर पीएमईजीपी मिळत नाही. आणि दोन्ही योजना यंदाच्या वर्षात अर्जाला खुल्या आहेत का, हे उद्योग केंद्रात पहिल्याच फेरीत विचारून घ्या.

तारणाबद्दल. लहान उद्योगांच्या निदान 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुद्रा कर्जही बिनतारणीच असतं: 'शिशु' 50 हजारांपर्यंत, 'किशोर' 5 लाखांपर्यंत, 'तरुण' 10 लाखांपर्यंत. साहेबांशी वाद घालू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि नाकारलं तर कारण लेखी मागा. तरीही अडलं तर जिल्ह्याच्या लीड बँक मॅनेजरकडे, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कर्जवाटपावर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा, त्यांचं ते कामच आहे. माझ्या अनुभवात अर्धं काम त्या लेखी पोचेने होतं.

कर्नाटकाची महिलांसाठीची उद्योगिनी योजनाही ऐकली असेल. कर्ज 3 लाखांपर्यंत, सर्वसाधारण वर्गाला 30 टक्के, कमाल 90 हजार अनुदान, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. मराठा समाजासाठी कर्नाटकाचं वेगळं विकास महामंडळ आहे, तिथे रक्कम लहान असते, तरी दाखले काढून ठेवा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातून निघतो.

आता बियांचा पैसा. तुम्ही दोघी बचतगटात आहात ना? गटाचं खातं नियमित असेल तर संजीवनी या राज्याच्या बचतगट अभियानामार्फत बँकेकडून गटाला मिळणारं कर्ज हा बियांसाठी सगळ्यात चांगला पैसा. त्याच्या खालोखाल मी सोन्यावरचं कर्ज ठेवेन. ऐकायला कसंतरी वाटतं, पण मार्चमध्ये ठेवून दिवाळीच्या विक्रीत सोडवायचं असेल तर ते सुटसुटीत आहे. मात्र मशीनसाठी सोनं ठेवू नका. नंतर गावची सोसायटी. व्याज बँकेपेक्षा चढं, पण ती माणसं तुम्हाला ओळखतात. आजच रोज शंभर रुपयांची पिग्मी, म्हणजे रोज भरायची लहान ठेव, सुरू करा. वर्षभर न चुकता भरलेलं पिग्मीचं पुस्तक सोसायटीच्या संचालकापुढे ठेवलं की निम्मं बोलणं वाचतं.

रोजच्या वसुलीवाल्याकडे मात्र जाऊ नका. '10 हजार' म्हणतो, हातात 8,500 देतो, आणि 100 दिवस रोज 100 घेतो. मुद्दल रोज कमी होत जातं हे धरून हिशोब केला तर ते व्याज वर्षाला शेकडा शंभराच्याही वर जातं. वसुलीच्या जाचाविरुद्ध 2025 मध्ये राज्याने कायदा केला, पण कायद्याकडे धावायची वेळच कशाला येऊ द्यायची.

पहिल्या वर्षी बी कमी पडणार हे धरून चाला. उरलेले महिने मोठ्या कारखान्यांची बी मजुरीवर फोडून द्या. नफा थोडा, पण हप्ता निघतो, बायकांचा हात बसतो, आणि बँकेच्या खात्यात दर महिन्याला जमा दिसते. बायकांना हातमोजे द्या. टरफलाचं तेल कातडी सोलून काढतं, आणि हात भाजलेली बाई पुन्हा कामाला येत नाही.

सीमेवरच्या माणसाला एक गोष्ट हमखास नडते, जीएसटी. 40 लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणी नको, असं सगळे सांगतात. ते राज्याच्या आत विकणाऱ्याला. चंदगड आपल्याला शेजार वाटतो, पण तिथल्या व्यापाऱ्याला किंवा गोव्याच्या दुकानदाराला एक डबा जरी पाठवला तरी तो दुसऱ्या राज्यातला व्यवहार, आणि त्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. कंपोझिशनची, म्हणजे लहान धंद्याला उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सवलतही तिथे चालत नाही. नोंदणी झाल्यावर शेतकऱ्याकडून घेतलेल्या बीवर कर तुम्हीच भरायचा असतो, पुढे तो वजा मिळतो. चोर्ला रस्त्यावर टपरी टाकून गोव्याच्या प्रवाशांना हातोहात विकलंत तर ती विक्री कर्नाटकातलीच. पहिलं वर्ष मी तेच केलं असतं.

कागद कन्नडमध्ये असतील, घाबरू नका. 'साल' म्हणजे कर्ज, 'बड्डी' म्हणजे व्याज, 'सहायधन' म्हणजे अनुदान. एवढे शब्द ओळखता आले तरी कोणत्या ओळीवर सही करतोय ते समजतं. बाकी वाचून घेतल्याशिवाय सही नको. आरसेटीचं, म्हणजे बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचं प्रशिक्षण मोफत आहे, राहण्या-जेवणासकट. तुम्ही किंवा जाऊबाई, एकीने तरी ते कराच. प्रमाणपत्र फाईलला लागतं आणि कन्नड-मराठी दोन्ही येणाऱ्या ओळखी होतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, आधारवर फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्या साइट आहेत, तिकडे जाऊ नका.

मंजुरीला महिने जातात. मार्चची बी धरायची तर अर्ज गणपतीच्या आसपास गेला पाहिजे. तोवर तुमचा खर्चाचा कागद नव्याने लिहा: एका बाजूला मशीन आणि शेड, दुसऱ्या बाजूला किती किलो बी, कोणत्या भावाने, कोणत्या महिन्यात. लिहून झाला की इथेच टाका, मी आकड्यांवरून नजर फिरवतो.