तुझा शिमग्याचा व्हिडिओ पाहिल्यावर

प्रिय बाय,

तुझा व्हिडिओ तीनदा पाहिला. पालखी नाचवणारे गडी मध्येच मोबाइलकडे तोंड करून वळतात, ते तुझ्या लक्षात आलं का? पालखी टेकवतात त्या सहाणेजवळ माहेरवाशिणी उभ्या आहेत, त्यांच्याकडे पालखीची पाठ झाली. एकीच्या हातात ओटीचा नारळ तसाच राहिला. माझ्या पोटात कालवलं.

दोष तुझा नाही. माणूस बघताना कुठे थांबला, काय पुढे पाठवलं, हे ॲपमधलं यंत्र मोजतं आणि तसलंच आणखी लोकांपुढे आणतं. देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं मागे पडतं, वीस सेकंदांची उडी पुढे येते. मग चाकरमानी ती उडी बघायलाच गावी येतो, आणि दोन-चार वर्षांत गावालाही वाटू लागतं की शिमगा म्हणजे एवढंच. मला खरी भीती याची वाटते.

बातमीचंही तसंच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, त्या दिवशी मला निरोप आला की एक होडी परतली नाही. न विचारता मी तो पाच जणांना पाठवला. होडी खाडीत सुखरूप होती. पण तोवर टॉवर बंद पडले, खरं कळवायला मार्गच उरला नाही. होडी हाकणाऱ्या तांडेलाची आई दोन दिवस दारात बसून होती. खूप वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकालाच पाठवता येईल, असं बंधन व्हॉट्सॲपने त्याच एप्रिलमध्ये घातलं होतं. माझा निरोप ताजा होता, त्याला ते कुठून अडवणार? अडवायचं मीच होतं.

आपल्या देवगडातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला मुंबईत ‘दर्पण’ काढलं. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी असायचा. राज्य करणाऱ्यालाही वाचता यावं आणि इथल्या माणसालाही. तुझ्या व्हिडिओत तो दुसरा रकाना नाही. ज्यांचं चित्र दाखवलंस, त्यांना काय म्हणायचंय, ते कुठेच येत नाही.

पुढच्या खेपेला आधी त्या नारळवाल्या बाईंकडे जा. मोबाइल पिशवीत ठेव, त्यांच्या ओटीवर बस, चहा घे. मग गावकरांना विचार, गाऱ्हाणं अख्खं टिपलं तर चालेल का. हो म्हणाले तर कितीही लांबू दे, कापू नकोस. लोकांपुढे ठेवण्याआधी त्यांना दाखव, आणि मलाही पाठव.

तुझा,
काका