एटीव्हीवरून चेनसॉ नेताना: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

वादळात झाडे पडली किंवा कडेची झाडी वाढली की चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, बाहेर निघते आणि ती कामाच्या जागी न्यायला एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटेवर चालणारी जाड टायरची चारचाकी उघडी गाडी, हाताशी असते. कापताना काय काळजी घ्यायची हे बहुतेकांना ठाऊक आहे. तिथपर्यंत जाताना काय घ्यायची, याबद्दल मात्र बरेच जण विचारत आहेत. वारंवार आलेले प्रश्न घेऊन उत्तरे देत आहे.

प्रश्न: चेनसॉ मागच्या कॅरिअरवर आडवी ठेवून रबरी दोरीने बांधतो. पात्याला कव्हर असते. एवढे पुरे का?

पुरे नाही. कव्हर हवेच, पण ते हात-पाय कापू नयेत म्हणून असते, करवत जागेवर धरून ठेवण्यासाठी नव्हे. आणि रबरी दोरी ताणली जाते हाच तिचा दोष. चाक खड्ड्यात आदळले की पाच-सात किलोची करवत क्षणभर उचलली जाते, दोरी तिला वाट देते आणि प्रत्येक हिसक्याला ती बोटभर सरकते. अशीच बांधलेली एक गाडी मी जवळून पाहिली. कव्हर वाटेत कुठेतरी गळून पडले होते. पाते फिरून सीटच्या मागच्या कडेला टेकले होते आणि साखळीच्या दातांनी रेक्झिन फाडून आतला स्पंज भुग्यासारखा बाहेर काढला होता. इंजिन बंद होते, साखळी फिरतही नव्हती. नुसत्या हादऱ्यांनी हे झाले, आणि तिथून चालवणाऱ्याची कंबर जेमतेम वीतभर लांब होती.

सर्वात चांगले म्हणजे पात्याच्या मापाचे कडक म्यान किंवा करवत घट्ट धरणारा स्टँड कॅरिअरला बोल्टने बसवून घ्या. ते जमत नसेल तर उभ्या कडांची मजबूत पेटी करा, तळाला जाड रबर टाका आणि पेटी रॅचेटच्या (खटक्याने आवळल्या जाणाऱ्या) पट्ट्यांनी आवळा. पाते मागच्या दिशेला असावे, चालवणाऱ्याकडे कधीच नको. गाडीच्या रुंदीबाहेरही येऊ देऊ नका, कारण अरुंद वाटेत बाहेर आलेले टोक फांदीत अडकले की हँडल हातातून फिरते. निघण्यापूर्वी इंजिन बंद करा आणि साखळीचा ब्रेक लावा. बॅटरीची करवत असेल तर बॅटरी काढून वेगळी ठेवा. पहिल्या दोन-तीनशे मीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळा, ते हमखास सैल झालेले असतात.

प्रश्न: मग खांद्याला अडकवून किंवा पाठीवर बांधून नेली तर? किंवा मागे बसलेल्या माणसाने धरली तर?

दोन्ही नको, आणि कारण एकच आहे. एटीव्ही नुसत्या हँडलने चालत नाही, ती अंगाने चालवावी लागते. चढावर पुढे झुकायचे, उतारावर मागे सरकायचे, आडव्या उतारावर अंग वरच्या बाजूला टाकायचे. पाठीवर ओझे असले की अंग वेळेवर हलत नाही आणि हलले तरी ओझे उलट्या बाजूला ओढते. गाडी उलटली तर ती करवत तुमच्या आणि जमिनीच्या मध्ये येते. मांडीवर किंवा हँडलवर आडवी ठेवणे तर त्याहून वाईट. राहिला मागचा माणूस: एकाच चालकासाठी बनवलेल्या गाडीची लांब सीट त्याला पुढे-मागे सरकता यावे म्हणून असते, दुसऱ्याच्या बसण्यासाठी नाही. मदतनिसाला चालत येऊ द्या किंवा दुसऱ्या गाडीने येऊ द्या.

प्रश्न: कॅरिअरवर किती वजन चालते? काय पुढे आणि काय मागे ठेवावे?

गाडीवरच्या पट्टीवर आणि माहितीपुस्तिकेत पुढच्या आणि मागच्या कॅरिअरची मर्यादा वेगवेगळी दिलेली असते. पुढची साधारणपणे कमी असते. एकूण मर्यादेत तुमचे स्वतःचे वजनही धरलेले असते, हे बरेच जण विसरतात. करवत, इंधनाचा कॅन, कुऱ्हाड, पाचरी, दोर, हेल्मेट असे मिळून सहज 25 किलो होते. ते मर्यादेत बसले तरी सगळे मागे रचू नका. मागचा भार वाढला की पुढची चाके हलकी होतात, वळण लागत नाही आणि तीव्र चढावर गाडी पुढून उचलली जाऊ शकते. करवत आणि कॅन मागे, मधोमध आणि शक्य तेवढे खाली. दोर, पाचरी यांसारखे हलके सामान पुढे, दिवा आणि नजर न अडवता. कुऱ्हाडीच्या पात्यालाही म्यान हवेच. टायरमधली हवा पुस्तिकेप्रमाणे ठेवा. या टायरना हवा फार कमी लागते, त्यामुळे थोडा फरकही जाणवतो.

प्रश्न: करवतीतून तेल गळते, सगळी गाडी चिकट होते. पेट्रोलचा कॅन कसा न्यावा?

साखळीचे तेल थोडे झिरपणारच, तो बिघाड समजू नका. पण आडवी ठेवली तर झाकणातूनही गळते, म्हणून टाकीची झाकणे घट्ट लावून, ती वर राहतील अशा बेताने करवत ठेवा आणि खाली फडके टाका. काम संपल्यावर साखळी थोडी सैल करायची सवय लावा. गरम साखळी लांबते. तशीच ताणून घेतलेली असली तर थंड होताना आखडते आणि पात्यावर, इंजिनच्या दांड्यावर ताण येतो. सायलेन्सर तापलेला असताना करवत पेटीत घालू नका, वाळक्या गवतावरही टेकवू नका.

इंधनासाठी पेट्रोलचाच मान्यताप्राप्त कॅन वापरा, पाण्याची बाटली नको. काठोकाठ भरू नका, उन्हात पेट्रोल फुगते. 50 ला 1 मिश्रण (50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल) लागत असेल तर 5 लिटरला 100 मिली टू-स्ट्रोक ऑइल पडते. कॅन भरताना कॅरिअरवरून उतरवून जमिनीवर ठेवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो. करवतीत इंधन घातल्यावर किमान 3 मीटर दूर जाऊन मगच ती चालू करा. एटीव्हीच्या एक्झॉस्टजवळ वाळके गवत साचते. कॅन त्या बाजूला बांधू नका आणि ते गवत रोज काढा.

प्रश्न: चेनसॉचे हेल्मेट घालूनच गाडी चालवली तर चालेल का?

नाही. ते वरून पडणाऱ्या फांदीसाठी आणि चेहऱ्यापुढची जाळी, कानपट्ट्या बसवण्यासाठी असते, गाडीवरून पडताना डोके वाचवण्यासाठी नव्हे. गाडीला गाडीचे हेल्मेट, कामाला कामाचे. संरक्षक पँट मात्र घालून गेलात तरी चालेल, तिच्यातले लांब धागे साखळीत अडकून ती थांबवतात. आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो: रक्त थांबवणारी दाबपट्टी गाडीच्या पेटीत नको, तुमच्या खिशात हवी. पायाला जखम झाली तर गाडीपर्यंत पोहोचता येईलच असे नाही.

पोहोचल्यावर गाडी तोडायच्या झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, तोंड परतीच्या वाटेकडे करून उभी करा. ब्रेक लावा, चावी काढा आणि मगच पट्टे सोडा.