कर्ज तुमचं, गाणं कंपनीचं?

पत्र : मी परभणीची, वय ३४. बारा वर्षं ऑर्केस्ट्रात आणि स्टुडिओत कोरस गायले. आता स्वतः लिहिते, चाली लावते; तीन गाण्यांची चाल मात्र जात्यावरच्या ओवीची आहे. २०१९ मध्ये एका कंपनीने माझी अकरा गाणी काढली, गाण्याला सात हजार दिले. आता आठ गाण्यांचा अल्बम करायचा आहे, खर्च ६ लाख. मिस्टरांच्या पगारावर १४ टक्क्यांनी पाच वर्षांचं पर्सनल लोन मिळतंय. ते घेऊ, की विमा पॉलिसी मोडू? वर्षाला ६०,०००चा हप्ता आहे, पाच भरलेत, सरेंडर केली तर १ लाख ६० हजार मिळतील. अल्बम त्याच कंपनीच्या चॅनलवर येईल, दसऱ्याला सही आहे, मसुदा जोडला आहे. माझं उत्पन्न वर्षाला सव्वापाच लाख, मिस्टरांचा पगार ३२,०००. माझा टीडीएस कापला जातो, म्हणून रिटर्न भरत नाही. अमेरिकन गायिका शेरिल क्रोसुद्धा आधी मायकल जॅक्सनच्या मागे कोरसला होती, असं भाचा सांगतो.

उत्तर : ताई, कर्ज की पॉलिसी हे नंतर बघू. आधी मसुद्यातलं चौथं कलम पुन्हा वाचा. ‘सर्व मास्टर व त्यातील सर्व हक्क कायमस्वरूपी व जगभरासाठी कंपनीचे.’ मास्टर म्हणजे गाण्याचं मूळ, अंतिम रेकॉर्डिंग. थोडक्यात, सहा लाख तुमचे, हप्ते मिस्टरांचे आणि तयार झालेलं रेकॉर्डिंग तिसऱ्याचं. कंपनी स्वतःचे पैसे घालून मास्टर मागते, तेव्हा निदान जोखीम तरी तिची असते. इथे ती एक रुपया घालत नाही.

आकडे बघा. ६ लाखांवर १४ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता सुमारे १४,०००, पाच वर्षांत एकूण ८ लाख ४० हजार. यूट्यूबवर हजार व्ह्यूजमागे चॅनलच्या मालकाला ३० रुपये मिळतात असं धरू. तेवढे पैसे सुटायला २ कोटी ८० लाख व्ह्यूज लागतील, तेही चॅनल तुमचं असेल तर. ते कंपनीचं आहे, आणि मसुद्यात जाहिरातीच्या पैशातला तुमचा वाटा कुठेच लिहिलेला नाही. शून्याने गुणायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

शिवाय हप्ता बारा महिने जाणार. आषाढ-श्रावणात कार्यक्रमांच्या सुपाऱ्या नसतात. गणपती-नवरात्रात हात भरतो, पितृपक्षात पुन्हा रिकामा. सोयाबीनचा भाव पडला की गावोगावच्या वर्गण्या आटतात आणि जत्रेच्या कार्यक्रमांना पहिली कात्री लागते. तेव्हा हे १४,००० मिस्टरांच्या ३२,०००मधून जातील.

आता तुम्ही न विचारलेलं. २०१९च्या कराराचा स्टँप पेपर काढा आणि मुदत लिहिली आहे का ते पाहा. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लिहून देताना मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश नमूद नसेल तर फक्त भारत. मुदतीची ओळच नसेल, तर त्या अकरा गाण्यांच्या शब्दांचे आणि चालींचे हक्क २०२४ मध्येच तुमच्याकडे परत आले असण्याची शक्यता मोठी आहे. ‘कायमस्वरूपी’ लिहिलं असलं तरी सगळं गेलेलं नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा घेण्याचा हक्क सोडूनच देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. तुम्ही काहीही सही केली असली तरी ते कलम तिथे टिकत नाही. कागद कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा दाखवाच. त्याची फी तुमच्या एका कार्यक्रमाच्या बिदागीपेक्षा जास्त होणार नाही, झाली तरी द्या.

हा वाटा गोळा करते आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, स्टेज शो, स्ट्रीमिंग अशा ठिकाणांहून. तुम्ही सभासदच नाही, म्हणून सहा वर्षांत तुमच्या नावावर एक पैसा आलेला नाही. गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी अर्ज करा. पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि गाण्यांची लिंकसह यादी तयार ठेवा. सभासद झालं की काम संपलं असं समजू नका. एकेक गाणं नोंदवावं लागतं, आणि नावाचं स्पेलिंग पॅनवर, चॅनलवर आणि नोंदणीत एकच हवं. पैसे अडकतात ते बहुतेक इथे. गायिका म्हणून मिळणारी रॉयल्टी वेगळी, ती इसाम्रा (आधीची इस्रा) ही गायक-वादकांची संस्था बघते. तिकडेही नाव घाला.

एक खबरदारी. तुमच्या तीन गाण्यांची चाल जात्यावरच्या ओवीची आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. ती चाल कुणाच्या मालकीची नाही, तुमच्याही नाही. तिथे शब्द आपले आणि चाल पारंपरिक असंच नोंदवा, नाहीतर उद्या दुसरा गायक तीच ओवी गाऊन तुमच्याशी भांडेल.

कंपनीशी पुन्हा बसायचंच असेल तर हक्क विकू नका, परवाना द्या. मास्टर तुमच्याकडे. कंपनीला तीन वर्षं, फक्त यूट्यूब आणि स्ट्रीमिंगसाठी. कॉलर ट्यूनचा उल्लेख वेगळा. दर सहा महिन्यांनी हिशेब, आणि त्यातला तुमचा टक्का आकड्यात. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा बारा अक्षरांचा क्रमांक असतो, तो कुणाच्या नावाने घेतला जाणार हे विचारा. कंटेंट आयडीचं, म्हणजे गाणं ओळखून त्याचे पैसे नोंदलेल्या मालकाकडे वळवणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचं, तर नक्की विचारा. कंपनीने गाणं तिथे आपल्या नावावर चढवलं, तर उद्या तुम्ही माळेगावच्या यात्रेत तेच गाणं त्याच ट्रॅकवर गायलेला व्हिडिओ स्वतःच्या चॅनलवर टाकाल आणि जाहिरातीचे पैसे कंपनीला जातील. ट्रॅक बनवणाऱ्या अरेंजरकडूनही ‘मोबदला मिळाला, हक्क नाही’ असा कागद सही करून घ्या. हे मान्य नसेल तर दसरा पुढच्या वर्षीही येतो.

तुमच्या सहा लाखांची फोड अशी : आठ ट्रॅक १ लाख ६० हजार, स्टुडिओ आणि मिक्सिंग-मास्टरिंग ८०,०००, दोन व्हिडिओ ३ लाख, ‘प्रमोशन’ ६०,०००. निम्मे पैसे व्हिडिओत. प्रमोशन म्हणजे काय, तर विकत घेतलेले व्ह्यूज. यूट्यूब ते काढून टाकतं, चॅनलवर कारवाई झाली तर तो तोटा वेगळा. ही ओळ खोडा. दोन गाणी करा, साठ हजारांत होतात. व्हिडिओ साधा, पडद्यावर शब्द दिसले तरी पुरे. चॅनल स्वतःचं ठेवा. १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं गेलं की जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के तुमचे.

ते साठ हजार कुठून आणायचे? तुमच्याच टीडीएसमधून. वर्षाला अडीच लाखांच्या बिलांवर १० टक्के कापले जातात, म्हणजे २५,०००. चार वर्षांचे एक लाख. तुमच्या उत्पन्नावर खर्च वजा जाता कर जवळपास शून्य आहे, त्यामुळे हे पैसे परत मिळण्यासारखे होते. टीडीएस कापला म्हणजे रिटर्न भरायची गरज नाही, हे कुणी सांगितलं? मुदत चुकलेलं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, ते आधी भरा. त्याआधीच्या वर्षांसाठी अपडेटेड रिटर्नमधून रिफंड मागता येत नाही. विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, तोही पाच वर्षांच्या आत, आणि उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. २६एएस, म्हणजे कापलेल्या टीडीएसचा उतारा, उतरवून घ्या आणि सीएकडे जा.

पॉलिसी. पंधरा वर्षं ६०,००० भरायचे, म्हणजे ९ लाख, आणि विसाव्या वर्षी सुमारे १७ लाख. एजंटने ‘दुप्पट’ म्हणून गळ्यात मारली, प्रत्यक्षात परतावा पाच टक्के. आणि घरातली कमावती बाई गेली तर विमा किती? सहा लाख! विमा कंपनीकडून पेड-अपचा आकडा लेखी घ्या, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर विसाव्या वर्षी नक्की किती ते. आजचे १ लाख ६० हजार ७ टक्क्यांनी पंधरा वर्षांत ४ लाख ४० हजारांच्या आसपास जातात. पेड-अपची रक्कम त्याहून कमी असेल तर मोडा. पण आधी ५० लाखांचा टर्म विमा हातात येऊ द्या, आणि त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा म्हणून रिटर्नच लागेल. मोडून आलेले पैसे अल्बमला नाहीत. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नाही, आणि घसा बसला तर तुमचं दुकान बंद.

भाच्याला सांगा, माहिती बरोबर आहे पण अर्धी. जॅक्सनचा तो दौरा १९८९ला संपला, शेरिल क्रोचा पहिला अल्बम १९९३ला आला. त्याआधी एक पूर्ण रेकॉर्ड केलेला अल्बम बाजूला ठेवावा लागला. तो खर्च रेकॉर्ड कंपनीने केला होता, तिच्या घरच्यांनी पगारावर कर्ज काढून नव्हे.

लोनची फाइल दिली असेल तर आजच मागे घ्या. मंजुरी आली तरी रक्कम खात्यात येऊ देऊ नका, एकदा आली की प्रोसेसिंग फी गेली आणि वेळेआधी फेडायला दंडही लागू शकतो.