लॉगचा (प्रोग्रॅम चालताना लिहीत जातो त्या नोंदींचा) मजकूर ठेवायला ठरावीक साइजचा सर्क्युलर बफर, म्हणजे टोकाला पोचलं की पुन्हा सुरुवातीपासून लिहायचा मेमरीचा तुकडा, चालेल का?

हो, फक्त शेवटचा थोडा लॉग हवा असेल तर बिनधास्त वापरा, मेमरी एकदाच घ्यायची, बफर भरला की नवीन बाइट सगळ्यात जुन्यावर लिहायचा, काही सरकवावं लागत नाही आणि साइज ४०९६ ठेवली तर इंडेक्स (पुढचा बाइट कुठे लिहायचा तो क्रमांक) वाढवून ४०९५ शी बिटवाइज अँड (&) केलं की तो टोकाला पोचल्यावर आपोआप शून्यावर येतो. पण मजकूर यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत) असेल तर जपून, कारण 'म' ३ बाइटचा असतो, पहिला बाइट पुसला गेला की उरलेले २ वाचताना कचरा दिसतो. त्यामुळे बफर एकदा फिरून आला असेल तर वाचताना पहिल्या न्यूलाइनपर्यंतचं (ओळ संपल्याच्या खुणेपर्यंतचं) सरळ सोडून द्या, अर्धी ओळ तशीही कामाची नसते.