गावात विकासच दिसत नसेल तर घरपट्टी का भरायची? आणि भरलेला पैसा कुठे जातो ते कसं कळणार?

भरायची. थकबाकीदाराने ग्रामसभेत तोंड उघडलं की सरपंच आधी त्याची बाकी काढतो, आणि गटाराचा विषय तिथेच बारगळतो.

हा वाद आमच्या घरात पंगतीपर्यंत गेलेला आहे म्हणून लिहितेय. माझे एक चुलत दीर "मी भरत नाही, हा माझा निषेध आहे" असं चारचौघांत छाती काढून सांगायचे. विजेचं बिल मात्र त्यांनी कधी थकवलं नाही, कारण तिथे मीटर काढून नेतात. एका १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत (गणपूर्ती झाली होती, हेच नवल) मी विचारलं, पाणी सोडणाऱ्याचा पगार का थकलाय? ग्रामसेवक म्हणाले, वसुलीच नाही. म्हटलं, मग नमुना ९, म्हणजे कराच्या मागणीचं रजिस्टर, काढा आणि मोठे थकबाकीदार वाचून दाखवा. "रजिस्टर पंचायत समितीत तपासणीला गेलंय, ताई." रजिस्टर त्यांच्याच टेबलावर होतं, वर पाण्याची बाटली ठेवलेली. मागच्या बायका हसायला लागल्या तेव्हा कुठे बाटली उचलली गेली. यादीत माजी सदस्य निघाले, दोन-तीन बडे दुकानदार निघाले आणि आमचे भाऊजीही निघाले. "घरची सून चावडीवर नावं वाचायला लावते" हे दिवाळीपर्यंत ऐकलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊबाई आल्या नाहीत त्या नाहीतच.

भाऊजींचं म्हणणं, विकास वरच्या पैशातून होतो, आपल्या घरपट्टीने काय होणार? अर्धं खरं आहे. काँक्रीटचे रस्ते, गटारं ही कामं बहुतेक वित्त आयोगाच्या नाहीतर आमदार-खासदार निधीतून होतात. पण १५व्या वित्त आयोगाचा (२०२१ ते २०२६) पैसा पगाराला वापरता येत नव्हता, आणि त्यातला ६० टक्के बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेवरच घालावा लागायचा. शिपाई, पाणी सोडणारा, पाणी शुद्ध करायला टाकीत टाकायची टीसीएल पावडर ही रोजच्या खर्चाची बाजू गाव बरीचशी स्वतःच्या वसुलीतून भागवतं. घरपट्टी बुडवली तर ठेकेदाराचं बिल अडत नाही, पाणी सोडणाऱ्याचा पगार अडतो.

पैसा कुठे गेला ते ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून बघा, आराखडा आणि खर्च दोन्ही दिसतात. तिथे काम पूर्ण आणि जागेवर नुसता मुरूम असेल तर माहिती अधिकारात त्याच कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. अर्जाला १० रुपये, मुदत ३० दिवस, नाही दिलं तर प्रथम अपील. "गावाच्या विकासाची संपूर्ण माहिती मिळावी" असला अर्ज करू नका, त्याला तसंच मोघम उत्तर येतं. स्वनिधीतले, म्हणजे गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातले, १० टक्के महिला-बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, तेही विचारा. आमच्याकडे या प्रश्नाला सगळे एकदम माना खाली घालतात.

आकारणीच जास्त झाली असं वाटत असेल तर गोष्ट वेगळी. दर चार वर्षांनी फेरआकारणीची यादी लागते, तेव्हा मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पारावर बसून शिव्या घालणं म्हणजे हरकत नव्हे, हे मी भाऊजींना त्याच पंगतीत सांगितलं होतं.

हे सगळं ग्रामपंचायतीपुरतं, नगरपरिषदेचा कायदा निराळा. आणि ज्याची खरंच ऐपत नाही त्याला मी बोलत नाहीये. भाऊजींच्या दारात ट्रॅक्टर आहे. मागच्या निवडणुकीत त्यांना सदस्य म्हणून उभं राहायचं होतं आणि कराची थकबाकी असली की माणूस अपात्र ठरतो. सगळी बाकी त्यांनी दंडासकट एका दुपारी भरली. निषेधाचं काय झालं, ते मी अजून विचारलेलं नाही. जाऊबाई आत्ता कुठे बोलायला लागल्यात.