लातूरला राहतो, गोल्फच्या ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायची स्टिक) रेग्युलर शाफ्ट, म्हणजे दांडा, घेऊ की स्टिफ, म्हणजे जास्त कडक? विकत घेण्याआधी तपासायचा कसा?

लांब मारायचंय म्हणून स्टिफ घ्यायचा, असं काही नसतं. आधी स्विंगचा वेग मोजून घ्या. ताशी 85 ते 95 मैलांना रेग्युलर, 95 ते 105 ला स्टिफ, हा ढोबळ हिशेब. ढोबळच, कारण फ्लेक्सचं, म्हणजे शाफ्ट किती वाकतो त्याचं, सगळ्या कंपन्यांत एक माप नाही. एकाचा स्टिफ दुसऱ्याच्या रेग्युलरइतका मऊ निघतो.

माझ्या मते फ्लेक्सच्या आधी वजन बघावं. 50 ग्रॅमचा शाफ्ट हातात आला की काही जण स्विंग वरून खाली आणतानाच घाई करतात. 65 चा घेतला तर शेवटच्या चार होलला हात गळतात, त्यात आपल्याकडचं एप्रिलचं ऊन!

तपासताना हेड (बॉलला लागणारा खालचा भाग) तेच, लॉफ्ट (हेडच्या पुढच्या बाजूचा तिरकेपणा) तोच, बदलायचा फक्त शाफ्ट. पायाला मारतात तो पावडर स्प्रे फेसवर, म्हणजे हेडच्या त्या पुढच्या बाजूवर, हलकासा मारा, बॉलचा ठसा स्पष्ट उमटतो. ठसे मधोमध एका जागी आले तर शाफ्ट जमतोय. फेसभर विखुरले, तर त्यातला एखादा बॉल कितीही लांब गेला असू द्या, तो शाफ्ट नको. लाँच मॉनिटरवरही (फटका मोजणारं यंत्र) सगळ्यात लांबचा आकडा सोडून सरासरी कॅरी (बॉल हवेतून जातो ते अंतर) आणि डावी-उजवीकडचा फरक बघा.

पुण्याला फिटिंगला (स्विंग मोजून आपल्याला जमेल तो शाफ्ट ठरवायला) जाणार असाल तर रात्रभर बसमध्ये आखडून सकाळी थेट मारायला उभे राहू नका, वेग कमीच येईल. आणि शाफ्ट घेताना अडॅप्टर (शाफ्ट हेडला जोडणारा तुकडा) विचारा. एका कंपनीचा सहसा दुसरीच्या हेडला बसत नाही.