आधी दारू सोडवू की आधी गोळ्या चालू करू?

प्रश्न: आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. माझा दादा ३२ वर्षांचा आहे. कानात माणसं बोलतात, शेजारी नजर ठेवतात असं म्हणत राहतो, आणि दारू रोजची. मानसिक डॉक्टर म्हणाले आधी दारू सोडवा मग या, व्यसनमुक्ती केंद्रात नेलं तर तिथं गोळ्याच बंद केल्या, अजून बिघडला. आता काकी म्हणते दारू सोडवायची पावडर त्याला न सांगता चहातून घाल. काय करू?

उत्तर: ताई, ती पावडर अजिबात नको. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवायला देतात ते औषध) असलं आणि वर दारू पोटात गेली तर उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, जीवावर बेतू शकतं, आणि भास वाढायचीही भीती असते. शिवाय ज्याला आधीच वाटतंय की लोक आपल्या वाईटावर आहेत त्याला चहात काही सापडलं तर तो तुमच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही.

आधी हे मग ते, असं तुम्हाला दोन्हीकडं सांगितलं ते मला पटत नाही. आवाज गप्प करायला तो पितो, प्यायला की गोळ्या चुकतात, गोळ्या चुकल्या की आवाज परत चालू, मग यातलं एकच कसं धरणार? दोन्हीवर एकाच टीमनं एकाच वेळी उपचार करायचे असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर दारू-ड्रग्जमुळं होणारे मानसिक त्रासही मानसिक आजारातच धरलेत, त्यामुळं पितो म्हणून परत पाठवणं बरोबर नाही.

पण घरात कोंडून दारू एकदम बंद करू नका हां. रोज पिणाऱ्याला पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत बरळणं, थरथर, काही ओळखत नाही असं होऊ शकतं, त्यासाठी ॲडमिट करून औषधं आणि बी१ व्हिटॅमिन द्यावं लागतं.

तुम्हाला धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल, जवळ, लोंढा-अळणावर मार्गे रेल्वे आहे. कानडी येणारं कोणीतरी सोबत न्या. त्याआधी १४४१६ ला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, फुकट आहे, २४ तास चालू, मराठीतून बोलायचंय म्हणून सांगा.

दादाला दारू सोडवायला नेतोय म्हणू नका, झोप लागत नाही आवाज त्रास देतात त्यासाठी जाऊया म्हणा, ते खरंच आहे की. डॉक्टरांना मात्र रोज किती पितो आणि शेवटचं कधी प्याला ते स्पष्ट सांगा, आणि जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटं असतील तर तीही पिशवीत घाला, चिठ्ठी हरवली असली तरी त्यावरून त्यांना कळतं.